नेम, नजर आणि लाल ठिपका

द्रोणाचार्यांनी आपल्या शिष्यांची परीक्षा घेतली ती कथा सर्वांच्या परिचयाची आहे. झाडावरच्या पक्ष्याचा डोळा तेवढा दिसतो असे उत्तर ज्याने दिले, तो अर्जुन परीक्षेत उतरला. झाड, फांद्या, गुरू आणि भाऊ असे सारेच दिसते म्हणणारे मागे पडले. धनुर्धराच्या बाबतीत हे उत्तर पुरेसे असेल. परंतु रायफल हाती घेणाऱ्या माणसाला तोच प्रश्न विचारला, तर त्याचे उत्तर इतके सोपे नाही. त्याच्या डोळ्याजवळ एक खाच असते, नळीच्या टोकाशी एक माशी असते आणि दूरवर लक्ष्य असते. या तिहींपैकी त्याने पाहावयाचे कोणते? रायफलीवर नेम धरण्याची जी जी साधने आजवर निघाली, ती सर्व या एकाच प्रश्नाची निरनिराळी उत्तरे होत. ही उत्तरे कोणती, त्यांत लाल ठिपक्याच्या साइटचे स्थान काय आणि त्यांतून निवड कशी करावी, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

नेम धरण्याच्या साधनाला सैनिक आणि नेमबाज ‘साइट’ म्हणतात. तोच रूढ शब्द येथे वापरलेला आहे. या साधनाशी अनेकांचा संबंध येतो. एन.सी.सी.तील विद्यार्थी, रायफल क्लबातील स्पर्धक, पोलिस, सैनिक आणि परवानाधारक नागरिक या सर्वांना ते हाताळावे लागते. दुर्दैवाने त्याची निवड बहुधा ऐकीव गोष्टींवरून होते. शेजाऱ्याच्या रायफलीवर जे दिसते ते आपल्याही रायफलीवर असावे, किंवा जे महाग ते चांगले, अशी समजूत त्यामागे असते. सुटलेला बाण भात्यात परत येत नाही, ही म्हण गोळीला अधिकच लागू पडते. म्हणून साधन कोणते काम करते आणि कोणते करीत नाही, हे आधी समजून घेणे आवश्यक आहे.

आरंभ डोळ्यापासूनच केला पाहिजे. मनुष्याचा डोळा एका वेळी एकाच अंतरावरची वस्तू स्पष्ट पाहू शकतो. पुस्तकातील अक्षर वाचताना खिडकीबाहेरचे झाड अंधुक होते आणि झाडाकडे पाहावे तर अक्षर विरघळते. डोळ्यातील भिंग आपला आकार बदलून जवळचे किंवा दूरचे स्पष्ट करून घेते. दोन्ही एकाच वेळी करणे त्याला शक्य नसते. साध्या लोखंडी साइटमध्ये मात्र डोळ्यापुढे तीन अंतरे एकाच रेषेत येतात. मागची खाच हातभर अंतराच्या आत असते, माशी त्याहून दूर असते आणि लक्ष्य तर पन्नास, शंभर किंवा तीनशे मीटरवर असते. नवशिक्याचा डोळा या तिहींमध्ये येरझारा घालतो आणि चाप ओढण्याच्या क्षणी नेमका लक्ष्यावर जाऊन बसतो. माशी तेवढ्यात कोठे सरकली, हे त्याला कळतही नाही.

म्हणूनच जुन्या शिक्षकांनी घालून दिलेला नियम असा, की माशी स्पष्ट दिसली पाहिजे. लक्ष्य थोडे अंधुक झाले तरी चालेल. हा नियम प्रथम ऐकणाऱ्याला विपरीत वाटतो. ज्याला मारावयाचे तेच अंधुक ठेवावयाचे, हे मनाला पटत नाही. परंतु साधे गणित केले तर त्याचे कारण उघड होते. खाच आणि माशी यांमध्ये ५० सेंटिमीटर अंतर आहे असे धरू. माशी खाचेच्या मध्यापासून केवळ एक मिलिमीटर बाजूला राहिली, तर १०० मीटरवर गोळी २० सेंटिमीटर बाजूला जाईल. याउलट माशी खाचेत बरोबर मध्यावर आहे आणि संपूर्ण रायफल लक्ष्याच्या मध्यापासून दोन सेंटिमीटर बाजूला रोखली गेली आहे, तर गोळीही दोनच सेंटिमीटर बाजूला जाईल. पहिली चूक अंतराबरोबर वाढत जाते. दुसरी आहे तेवढीच राहते. म्हणून डोळ्याने पहारा द्यावयाचा तो पहिल्या चुकीवर.

याच गणितातून दुसरी गोष्ट निघते. खाच आणि माशी यांमधील अंतर जितके अधिक, तितकी तीच चूक कमी महाग पडते. ५० ऐवजी ७५ सेंटिमीटर अंतर असेल, तर एका मिलिमीटरची चूक १०० मीटरवर सव्वातेरा सेंटिमीटरांवर येते. ली-एन्फील्ड रायफलीच्या इतिहासात हा विचार प्रत्यक्ष पाहावयास मिळतो. तिच्या जुन्या नमुन्यात, जो बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात दीर्घ काळ तयार होत असे, मागची साइट नळीवर, डोळ्यापासून बरीच पुढे होती आणि ती उघडी खाच होती. पुढे ब्रिटनने काढलेल्या चौथ्या क्रमांकाच्या नमुन्यात ती मागे, डोळ्याच्या जवळ आणली गेली आणि खाचेच्या जागी लहान गोल छिद्र आले. .३०३ बोअरची ही रायफल भारतात किती पिढ्यांनी हाताळली असेल त्याची गणना नाही. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर तिला २०२० च्या प्रजासत्ताकदिनी निरोप दिला.

छिद्राची साइट ही डोळ्याच्या अडचणीवरची पहिली खरी तोड होय. छिद्रातून पाहताना मागच्या साइटकडे लक्ष द्यावेच लागत नाही. डोळा छिद्राच्या मध्यातून, जेथे प्रकाश सर्वांत अधिक असतो तेथून, आपोआप पाहतो. तीन अंतरांची दोन झाली. शिवाय बारीक छिद्राचा आणखी एक गुण आहे. चष्मा हाताशी नसला म्हणजे मुठीतून बारीक भोक करून पाहिले की अक्षर काहीसे स्पष्ट दिसते, हा अनुभव पुष्कळांना असेल. छिद्र किरणांचा पसारा आवळते आणि त्यामुळे जवळचे व दूरचे दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसू लागते. अर्थात छिद्र जितके बारीक, तितका प्रकाश कमी. भर दुपारी उत्तम चालणारे छिद्र संध्याकाळी निरुपयोगी ठरते. म्हणून स्पर्धेच्या रायफलींवर छिद्राचा आकार लहान-मोठा करण्याची सोय असते, तर सैनिकी रायफलीवर छिद्र मुळातच थोडे मोठे ठेवलेले असते.

केवळ छिद्र आणि माशी यांच्या बळावर मनुष्य किती अचूक होऊ शकतो, हे ऑलिंपिकच्या रायफल स्पर्धांमध्ये दिसते. तेथे लक्ष्य मोठे करून दाखविणारी दुर्बीण चालत नाही. पुढच्या साइटमध्ये टोकदार माशीऐवजी बहुधा एक कडे असते; लक्ष्याचे काळे वर्तुळ त्या कड्याच्या मध्यावर आणि कडे छिद्राच्या मध्यावर, अशी वर्तुळात वर्तुळे बसवावयाची असतात. वर्तुळे समकेंद्री आहेत की नाहीत हे डोळ्याला विनासायास कळते. दहा मीटर एअर रायफलमध्ये दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो. ५० मीटरच्या स्पर्धेत दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे असते. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे यांनी ५० मीटर रायफल तीन स्थिती या प्रकारात ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक जिंकले, ते अशाच साइटने. गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून अशा तिन्ही स्थितींत डोके दस्त्यावर निराळ्या रीतीने टेकते. तरीही डोळा छिद्रामागे त्याच जागी आणावा लागतो. साधन साधेच असते. त्यामागचा अभ्यास साधा नसतो.

डोळ्याच्या अडचणीवरची दुसरी तोड म्हणजे दुर्बीण. तिच्यात फुलीची रेघ आणि लक्ष्याचे प्रतिबिंब एकाच पातळीवर पडतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसतात. लक्ष्य मोठे दिसते हा तिचा प्रसिद्ध गुण. परंतु तो दुय्यम आहे असेही म्हणता येईल, कारण हाताचा कंपही तितकाच मोठा होऊन दिसतो. दुर्बीण डोळ्यापासून ठरावीक अंतरावरच धरावी लागते, तिच्यातून दिसणारा मुलूख अरुंद असतो आणि तिचे वजन रायफलीच्या माथ्यावर येते. दूरचे, स्थिर आणि वेळ देणारे लक्ष्य असेल तेथे तिला पर्याय नाही. जवळच्या व हलत्या लक्ष्यासाठी मात्र, दिवाणखान्यातील माणूस दुर्बिणीतून शोधावा, तशी गत होते.

तिसरी तोड सुचली ती एका दुर्बीणकाराला. डब्लिनचे हॉवर्ड ग्रब हे वेधशाळांसाठी मोठ्या दुर्बिणी घडविणारे नामांकित कारागीर होते. त्यांच्या कारखान्यातील २० इंची परावर्तक दुर्बीण १८८८ च्या सुमारास पुण्याच्या सायन्स कॉलेजातील महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेत आली होती आणि पुढे ती कोडाईकनालला गेली. हैदराबादच्या निझामिया वेधशाळेतही ग्रबची दुर्बीण होती. याच ग्रबने १९०० साली बंदुकीसाठी एका नव्या साइटची कल्पना मांडली. तिच्यात ना खाच होती, ना माशी. समोर एक काच ठेवावयाची आणि तिच्यावरून परावर्तित होणारी प्रकाशाची एक खूण डोळ्याने पाहावयाची, एवढीच ती कल्पना होती.

आजची लाल ठिपक्याची साइट याच तत्त्वावर चालते. एका वक्र काचेसमोर, नेमका तिच्या केंद्रबिंदूवर, प्रकाशाचा बारीक उगम ठेवलेला असतो. काचेवर असा पातळ लेप असतो की तो लाल प्रकाश परतवितो आणि बाकीचा बहुतेक प्रकाश पलीकडून आत येऊ देतो. अशा साइटमधून पाहिलेले दृश्य किंचित निळसर भासते ते यामुळेच. केंद्रबिंदूपासून निघालेले किरण काचेवरून परतताना एकमेकांना समांतर होतात. समांतर किरण डोळ्यात शिरले म्हणजे ते फार दुरून येत आहेत असे डोळ्याला वाटते. परिणामी ठिपका काचेवर न दिसता दूर लक्ष्यापाशी टांगल्यासारखा दिसतो. तीन अंतरांचे अखेर एक अंतर झाले. ज्यांना चाळिशी लागली आहे आणि माशी स्पष्ट दिसणे ज्यांना अवघड झाले आहे, त्यांना या साइटचा मोठा आधार वाटतो, तो याच कारणाने.

दुसरा लाभ असा, की डोळा काचेच्या नेमक्या मध्यामागे असलाच पाहिजे असे नाही. डोके थोडे सरकले तर ठिपका काचेत सरकतो, परंतु लक्ष्यावरची त्याची जागा जवळजवळ तीच राहते. ‘जवळजवळ’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. पाहणाऱ्याची जागा बदलल्यामुळे खूण आणि लक्ष्य यांत जो फरक पडतो, त्याला शास्त्रात पराशय म्हणतात. या साइटमध्ये तो अल्प असतो, पण शून्य नसतो, आणि जवळच्या अंतरावर तो अधिक जाणवतो. विक्रेते सांगतात तसे पराशयाचे नावही नाही, अशी साइट प्रत्यक्षात नसते. म्हणून ज्याला अचूक गोळी हवी, त्याने वेळ असेल तेव्हा ठिपका काचेच्या मध्याजवळच ठेवावा.

ग्रबची कल्पना रायफलीपर्यंत पोहोचावयास सत्तर वर्षे लागली. १९१८ साली जर्मन लढाऊ विमानांवर अशा साइटची चाचणी झाली आणि दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर, हरिकेन यांसारख्या विमानांवर ती सर्रास होती. विमानात विजेचा दिवा आणि जड काच चालून जाई. रायफलीवर ती कोण वाहणार? १९६२ साली निक होलोन्याक या अमेरिकी संशोधकाने दृश्य लाल प्रकाश देणारा डायोड तयार केला. अत्यल्प विजेवर चालणारा, बारीक आणि टिकाऊ असा हा दिवा लालच होता, आणि ‘लाल ठिपका’ हे नाव रूढ होण्यामागे हीच गोष्ट आहे. १९७५ साली स्वीडनमधील एमपॉइंट या कंपनीने डायोडवर चालणारी साइट बाजारात आणली. १९९७ साली अमेरिकी सैन्याने तिचाच एक सुधारलेला नमुना आपल्या रायफलींसाठी स्वीकारला. त्यानंतर जगभरच्या सैन्यांत व पोलिस दलांत ती पसरली. भारतात शस्त्रांच्या प्रकाशीय साधनांचे संशोधन आणि उत्पादन यांचे केंद्र देहरादून आहे. संरक्षण संशोधन संघटनेची यंत्र संशोधन संस्था तेथे असून, आयुध कारखान्यांच्या २०२१ मधील पुनर्रचनेनंतर स्थापन झालेल्या इंडिया ऑप्टेल लिमिटेडचे मुख्यालयही तेथेच आहे.

मधल्या काळातील एक प्रयोग फार बोलका आहे. १९७० च्या सुमारास ब्रिटनमध्ये सिंगलपॉइंट नावाची साइट निघाली. तिच्यातून पलीकडचे काहीच दिसत नसे. एका डोळ्याला काळ्या पार्श्वभूमीवर फक्त ठिपका दिसे आणि दुसऱ्या उघड्या डोळ्याला लक्ष्य. दोहोंची सांगड मेंदू घालीत असे. नोव्हेंबर १९७० मध्ये अमेरिकी सैनिकांनी उत्तर व्हिएतनाममधील सोन ताय येथील युद्धकैद्यांच्या तळावर रात्री छापा घातला. तेथील कैदी आधीच हलविले गेले होते, त्यामुळे छाप्याचा हेतू साध्य झाला नाही. परंतु छाप्याच्या तयारीत रात्रीचा नेम सुधारण्यासाठी हीच साइट घेण्यात आली होती. त्यावरून एक धडा मिळतो. लाल ठिपक्याचा उपयोग दोन्ही डोळे उघडे ठेवूनच करावयाचा असतो.

येथे वापराच्या नियमांकडे वळले पाहिजे. लोखंडी साइटवर शिकलेला मनुष्य नव्या साइटवरही ठिपक्याकडेच टक लावून पाहतो. ही सवय मोडावी लागते. या साइटमध्ये नजर लक्ष्यावर ठेवावयाची. ठिपका आपण होऊन तेथे येतो. अर्जुनाचे उत्तर येथे पुन्हा बरोबर ठरते. ठिपका दिसेल इतपतच तेजस्वी असावा. तेज वाढविले की ठिपका फुगतो, त्याभोवती प्रभा पसरते आणि लक्ष्य झाकले जाते. उन्हात ठेवलेले तेज सावलीत किंवा खोलीत शिरताना कमी करणे, ही सवय अंगवळणी पडली पाहिजे.

ठिपक्याचा आकार कोनाच्या मिनिटांत मोजतात. एका मिनिटाची रुंदी १०० मीटरवर सुमारे २.९ सेंटिमीटर भरते. म्हणजे दोन मिनिटांचा ठिपका १०० मीटरवर सुमारे सहा सेंटिमीटर जागा झाकतो आणि चार मिनिटांचा त्याच्या दुप्पट. चार मिनिटांचा ठिपका ५० मीटरवरसुद्धा सुमारे सहा सेंटिमीटर झाकतो, आणि स्पर्धेतील दहा गुणांचे वर्तुळ त्याच अंतरावर जेमतेम एक सेंटिमीटरचे असते, हे आठवले म्हणजे प्रत्येक साधनाचे क्षेत्र कोणते ते स्पष्ट होते. मोठा ठिपका चटकन सापडतो. लहान ठिपका बारीक काम करतो. दोन्ही गुण एकाच ठिपक्यात मागता येत नाहीत.

काहींना हा ठिपका गोल दिसतच नाही. तो स्वल्पविरामासारखा, फुटलेल्या चांदणीसारखा किंवा दोन ठिपक्यांसारखा दिसतो, आणि साइट सदोष आहे असे समजून ते ती परत करतात. दोष पुष्कळदा डोळ्यात असतो. डोळ्याच्या पारदर्शक पटलाची वक्रता सर्व दिशांना सारखी नसली म्हणजे बिंदूचे प्रतिबिंब पसरते. परीक्षा सोपी आहे. मोकळ्या रायफलीवर किंवा सुट्या साइटमधून मोबाइलच्या कॅमेऱ्याने ठिपक्याचे छायाचित्र घ्यावे. छायाचित्रात तो गोल आला, तर साइट निर्दोष आहे आणि नेत्रतज्ज्ञाकडे जाण्याची गरज आहे. योग्य चष्म्याने हा दोष बराच कमी होतो. तेवढ्याने भागत नसेल, तर छिद्राची साइट किंवा काचेवर कोरलेली खूण असणारी लहान दुर्बीण अधिक सोयीची पडते.

यानंतरचा विषय सर्वांत रुक्ष आणि सर्वांत महत्त्वाचा आहे. साइट कितीही उत्तम असो, ती रायफलीशी जुळवून घेतल्यावाचून निरर्थक होय. या जुळवणीला ‘झीरो करणे’ म्हणतात. नजर सरळ रेषेत जाते, गोळी जात नाही. सैनिकी ७.६२ मिलिमीटर काडतुसाची गोळी १०० मीटर अंतर सुमारे एका सेकंदाच्या आठव्या भागात कापते. तेवढ्यात ती सात-आठ सेंटिमीटर खाली येते. म्हणून नळी नजरेच्या रेषेशी किंचित वर रोखलेली असते आणि गोळीचा मार्ग त्या रेषेला ठरावीक अंतरावर छेदतो. ते अंतर कोणते असावे हे कामावरून ठरवावयाचे आणि तेथेच साइट जुळवावयाची.

रीत अशी. रायफल वाळूच्या पिशवीवर स्थिर टेकवून, वापरावयाच्याच काडतुसांनी, एकाच बिंदूवर नेम धरून तीन किंवा पाच गोळ्या झाडाव्यात. पहिल्या गोळीवरून खटके फिरविण्याचा मोह आवरावा. एका गोळीत नेमबाजाची चूकही मिसळलेली असते. गोळ्यांचा झुपका साइटची चूक दाखवितो. झुपक्याचा मध्य काढून तो हव्या त्या जागी आणण्यासाठी किती खटके लागतील याचा हिशेब करावा. अर्ध्या मिनिटाचा खटका १०० मीटरवर सुमारे दीड सेंटिमीटर आणि २५ मीटरवर त्याचा चौथा भाग गोळी सरकवितो. लोखंडी साइटमध्ये एक साधा नियम लक्षात ठेवावा. गोळी ज्या बाजूला न्यावयाची, त्या बाजूला मागची साइट सरकवावी. माशी मात्र उलट बाजूला.

आधुनिक रायफलींवर लाल ठिपक्याची साइट नळीपासून सहा-सात सेंटिमीटर उंच बसते. त्यामुळे खोलीच्या अंतरावर गोळी ठिपक्याच्या पाच-सहा सेंटिमीटर खाली लागते. त्याहून धोक्याची गोष्ट अशी, की भिंतीच्या कडेवरून किंवा मोटारीच्या टपावरून नेम धरताना नजरेपुढे मोकळे दिसते आणि नळीच्या तोंडापुढे मात्र आडोसा असतो. साइट मोकळी म्हणजे नळी मोकळी, असे गृहीत धरणे प्राणांवर बेतू शकते.

जुळवणी एकदा केली की कायमची झाली, असेही नाही. २००८ साली बीजिंग येथे अभिनव बिंद्रा यांनी भारताला वैयक्तिक स्पर्धेतील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. त्या अंतिम फेरीपूर्वीच्या सरावाच्या गोळ्या मध्यापासून बऱ्याच दूर पडत असल्याचे त्यांना आढळले आणि हाती असलेल्या थोड्या वेळात त्यांना साइट पुन्हा जुळवून घ्यावी लागली. जगातील उत्तम नेमबाजांपैकी एकाला, उत्तम साधन असताना, ऐन वेळी हे करावे लागले. सरावाच्या गोळ्या त्यासाठीच असतात. साइट काढून पुन्हा बसविली, रायफल पडली, काडतुसांचा प्रकार बदलला किंवा रायफल मैदानातून उंच डोंगरावर नेली, तर पुन्हा तपासणी झालीच पाहिजे. बैठकीचे स्क्रू घट्ट केल्यावर स्क्रू आणि बैठक यांवरून रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवावी. स्क्रू ढिला झाला की रेघ तुटते आणि डोळ्याला लगेच कळते. खर्च काही नाही, उपयोग मोठा.

विजेवर चालणाऱ्या साधनाची वीज संपू शकते, ही गोष्ट सांगण्याची गरज नाही. पण ती विसरली जाते. मे १९२६ मध्ये जिम कॉर्बेट यांनी रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबळ्याला काळोख्या रात्री मारले. विजेरीच्या झोतात त्यांना क्षणभर नेम दिसला, गोळी सुटली आणि विजेरी विझली. ती एक क्षण आधी विझली असती, तर आठ वर्षे चाललेले मृत्यूचे थैमान पुढेही चालू राहिले असते. आजच्या साइटमध्ये एकच बॅटरी वर्षानुवर्षे चालते असे नमुने आहेत. तरीही कडाक्याच्या थंडीत बॅटरीचा जोर घटतो, संपर्काच्या पट्ट्या गंजतात आणि साइट बंद करावयाची राहून जाते. ठरावीक तारखेला, ती संपली असो वा नसो, बॅटरी बदलावी. कामाच्या रायफलीवर लोखंडी साइटही असावी आणि तिचा सराव चालू असावा.

साधन बंद पडले तर ते निदान कळते. ते चालू असूनही चुकीचे दाखवू लागले, तर मात्र कळत नाही. अमेरिकेत होलोग्राफिक साइट बनविणाऱ्या एका कारखान्याविरुद्ध तेथील सरकारने असा दावा केला, की अति थंडीत व अति उष्णतेत या साइटची खूण जागा सोडते, हे ठाऊक असूनही कारखान्याने ते सैन्यापासून दडविले. २०१५ साली २ कोटी ५६ लाख डॉलर देऊन हे प्रकरण मिटविण्यात आले. सियाचीनची थंडी आणि थरच्या वाळवंटातील ऊन अशी दोन्ही टोके ज्या देशात आहेत, तेथील सैनिकाने व पोलिसाने यातून घ्यावयाचा बोध उघड आहे. ज्या हवेत साधन वापरावयाचे, त्याच हवेत ते तपासून पाहावे. छापील माहितीपत्रक हा पुरावा नव्हे.

आता निवडीचा क्रम सांगता येईल. पहिला प्रश्न अंतर आणि वेळ यांचा. लक्ष्य दूर आणि स्थिर असेल, तर दुर्बीण. स्पर्धेचे नियम आड येत असतील, तर छिद्राची साइट. लक्ष्य दोनशे मीटरच्या आत आणि वेळ थोडा असेल, तर लाल ठिपका. दुसरा प्रश्न स्वतःच्या डोळ्याचा. वय, चष्मा आणि ठिपका गोल दिसतो की नाही, हे पाहून. तिसरा प्रश्न परिस्थितीचा. पाऊस व चिखल यांत उघड्या बांधणीच्या साइटमध्ये दिव्यावर एक थेंब बसला तरी ठिपका विस्कटतो. तेथे दोन्ही बाजूंनी काचबंद साइट बरी. चौथा प्रश्न बैठकीचा. महाग साइट आणि डुगडुगणारी बैठक ही जोडी, पक्के दार आणि कुजकी चौकट अशी असते. किंमत हा प्रश्न या सर्वांनंतरचा. आणि जो नवशिका आहे, त्याने आरंभ लोखंडी साइटनेच करावा. माशी, श्वास आणि चाप यांचा मेळ ज्याला एकदा साधला, त्याला पुढचे कोणतेही साधन लवकर हाती बसते.

एका गोष्टीवर मात्र कोणत्याही साइटचा इलाज चालत नाही. लाल ठिपका ‘कोठे’ एवढेच सांगतो. ‘कोण’ आणि ‘मागे काय’ हे तो सांगत नाही. ठिपका चटकन सापडतो, म्हणून निर्णयही चटकन घ्यावा असे होत नाही. उलट, नेमाचे ओझे कमी झाल्याने जो क्षण हाताशी उरतो, तो लक्ष्य ओळखण्यासाठी वापरावयाचा असतो. पोलिसांपुढचा जमाव असो वा सीमेवरची काळोखी वाट असो, झाड, फांद्या आणि माणसे सारेच दिसते असे सांगणारे शिष्य येथे अनुत्तीर्ण ठरणार नाहीत. दोन्ही डोळे उघडे ठेवण्याची सवय याही कारणाने मोलाची आहे.

सारांश, साइट डोळ्याची एखादी अडचण दूर करते आणि तिच्या बदल्यात काळजीची एखादी नवी बाब हाती देते. ती काळजी घेण्याची तयारी असेल, तरच ते साधन घ्यावे. नव्या साइटसाठी जितका खर्च ठरविला असेल, त्यातला काही भाग काडतुसांसाठी व सरावाच्या मैदानासाठी राखून ठेवावा, दर तपासणीची तारीख, अंतर आणि गोळ्यांच्या झुपक्याची जागा वहीत लिहावी, आणि वहीत नोंद नसलेल्या रायफलीवर, ती कोणाचीही असो, विश्वास ठेवू नये.